ताम्हणेसाहेब आणि कार्डावरची नऊ माणसे

शरच्चंद्र ताम्हणे यांची व माझी ओळख लालबागला आमच्या चाळीच्या नळावर झाली. गिरण्यांच्या संपाचा तेव्हा दहावा महिना चालू होता.

ताम्हणेसाहेब राहायला ठाकूरद्वारला. आमच्या गल्लीच्या टोकाला एका ट्रस्टचे बारा खाटांचे धर्मादाय रुग्णालय होते, त्याचे ते व्यवस्थापक. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवीत. खाट कोणी सोडायची हे साहेब ठरवीत. त्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. रोग्याचे रेशनकार्ड मागवायचे व त्यावरची नावे मोजायची. ज्याच्या घरी माणसे जास्त, त्याने आधी घरी जायचे, कारण तिथे करणारे हात आहेत. घरी जो एकटा, त्याने खाटेवर राहायचे. या नियमाने वॉर्डातली भांडणे मिटली होती व साहेबांना त्याचा अभिमान होता.

माझ्या शेजारीण सोनूबाई मयेकर यांचे पोटाचे ऑपरेशन तिथेच झाले. सातव्या दिवशी खाटेसाठी बाहेर दोघीजणी थांबल्या होत्या. साहेबांनी सोनूबाईंचे कार्ड पाहिले. नऊ नावे. तरीही त्यांनी विचारले, "घरी माणसं आहेत ना?"

"आसत मा. नऊ आसत."

घर रिकामे आहे हे चार बायकांसमोर सांगणे सोनूबाईंना कमीपणाचे वाटले. संप लांबल्यावर बाकीचे आठही जण मालवणला गेले होते आणि खोली राखायला त्या एकट्या मागे राहिल्या होत्या. संप मिटला की सगळे परतणार, म्हणून गिरणगावात कोणी कार्डावरची नावे कमी केली नव्हती.

त्याच दिवशी त्यांना घरी पाठवले, पण निघताना रुग्णालयाच्या कागदावर सोनूबाईंचा अंगठा घ्यायचा राहिला. रुग्णालयाचा शिपाईही गावी गेलेला. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी साहेब शाईची डबी घेऊन स्वतः आमचा तिसरा मजला चढले. मी आठवडाभर लेकीकडे रे रोडला होते, ती नुकतीच परतले होते. सोनूबाई नळापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात भरलेला हंडा. लुगड्याला रक्त लागले होते.

"नऊ माणसांच्या घरात पाणी यांनी का भरलं?" साहेबांनी मला विचारले.

"खंयची नऊ माणसं? सगळी गावाक गेली. ह्या मजल्यार चार दारां उघडी आसत."

त्या काळी मला वाचता येत नव्हते. कार्डावर काय लिहिलेले असते ते मला ठाऊक नव्हते. खोलीत कोण आहे ते ठाऊक होते.

साहेबांनी हंडा उचलून खोलीत ठेवला व सोनूबाईंना टॅक्सीने रुग्णालयात नेले. उसवलेले टाके डॉक्टरांनी पुन्हा घातले आणि आता बाईंना ठेवायचे कुठे, असे विचारले. बाराही खाटा भरल्या होत्या.

साहेब कार्डे काढून बसले. नियमाप्रमाणे सर्वांत पक्की खाट तात्या गुप्ते यांची होती, कारण त्यांच्या कार्डावर एकच नाव होते. तात्या एका ट्रस्टींचे सासरे. दम्यासाठी आले होते, त्याला पाच आठवडे झाले होते. सोनूबाईंना बाकावर निजवून साहेब तात्यांच्या गिरगावातल्या घरी गेले आणि दोन तासांनी परत आले.

"तात्या, आज आपण घरी जावं."

"अहो, कार्डावर मी एकटा आहे."

"खरं आहे. मी आत्ताच आपल्याकडे जाऊन आलो. दोन्ही सुनांनी मला वेगवेगळा चहा दिला."

"आमच्या जावईबापूंना काय सांगाल?"

"हेच सांगेन. चहा चांगला होता, हेही सांगेन."

तात्या त्या दिवशी घरी गेले. त्यांच्या जावयांनी लेखी खुलासा मागितला. साहेबांनी एक ओळ लिहिली: 'घरी जाऊन पाहिले.' पुढे निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षे, खाट सोडायला सांगण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या घरी जात राहिले. त्यामुळे खाटा उशिरा रिकाम्या होत आणि थांबलेले लोक त्यांना बोल लावीत. ते ऐकून घेत.

सोनूबाई तात्यांच्या खाटेवर महिनाभर राहिल्या व बऱ्या झाल्या. टाके घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेज घेऊन गेले, तेव्हा साहेब खाटेपाशी उभे होते. ते माफी मागायला आले होते. ते म्हणाले, "बाई, मी पुन्हा विचारीन तेव्हा घरी कोणी नसेल, तर नाही म्हणून सांगा."