पिको-फॉल परवा

कॅम्प दोनच्या गल्लीत कपडे अल्टर करून देणारा एक शिंपी बसतो. शर्टाची विरलेली कॉलर उसवून तो ती अशी उलटून शिवतो, की शर्ट आणखी वर्षभर टिकतो. आमच्या ह्यांचे सगळे शर्ट असेच चाललेत. मी ते साडीच्या दुकानाच्या पिशवीतून नेते. तो मान वर करत नाही. तोंडातल्या टाचण्या सांभाळत "हो जाएगा, ताई" एवढंच पुटपुटतो.

काल तो कॉलर उसवत होता, तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. माझे कान तापले. त्याने शर्ट पटकन मांडीखाली सरकवला आणि मोठ्याने म्हणाला, "पिको-फॉल परवा मिलेगा, ताई."

मग फळीवरची पिशवी मॅडमना देत म्हणाला, "और ये आपका पिको-फॉल. रेडी."

मी सुटले होते ना, त्या भरात बोलून गेले, "नवीन साडी? बघू तरी!"

मॅडमनी पिशवी छातीशी घट्ट धरली. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की त्यांना मी साडीत कधीच पाहिलेलं नाही.

शिंप्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.