आढळेना सर

विद्यापीठातली पोरं त्यांना ‘आढळेना सर’ म्हणायची. प्रयोगवहीत कुणी ‘शिसे नाही’ लिहिलं की सर लाल शाईनं ‘शिसे आढळले नाही’ असं दुरुस्त करायचे आणि वर दोन गुण कापायचे. “तुला दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं कुणी सांगितलं बाबा?”

हा धडा त्यांना पुस्तकानं नव्हे, रंगाच्या कारखान्यानं दिला होता. शिकवायला लागण्याआधी तिथल्या संशोधन विभागात त्यांनी अठरा वर्षं काढली. कारखान्याला लागून आमची वस्ती, वस्तीत एकच विहीर. तिच्या पाण्याच्या दरवर्षीच्या अहवालाखाली सही सरांची, आणि शिशापुढं शब्द तेच: आढळले नाही.

माझ्या भाचीच्या हिरड्यांवर लहानपणीच निळी रेघ उमटली होती, अंगात शिसं भिनल्याची खूण. आता ती अठराची आहे, दहापर्यंत मोजता येत नाही. कारखान्याचा दोष सिद्ध झाला तर अशा सगळ्या पोरांच्या उपचारांचा खर्च त्याच्या गळ्यात पडणार होता. वस्तीनं कोर्टात तसा अर्ज केला होता. सुनावणीच्या आधी मी जुने अहवाल घेऊन सरांच्या घरी गेलो.

“सर, तुम्ही खोटं लिहिलंत.”

“खोटं नाही. ते जुनं यंत्र आंधळं होतं. नवं आलं तेव्हा मी एकदा विहिरीचं पाणी त्यावर तपासून पाहिलं. शिसं निघालं, मर्यादेच्या तिप्पट.”

“मग?”

“साहेब म्हणाले, अहवाल जुन्याच यंत्रावरचा जाईल. मी सही केली. महिन्याभरात नोकरी सोडली.”

“तुम्ही सुटलात. आम्ही तिथंच.”

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मी हेच बोलले की म्हणतात, तुला रसायनशास्त्र कळत नाही.”

सरांनी तिथंच जबाब लिहून दिला. शेवटचं वाक्य होतं: ‘ही चाचणी एकदाच केली, पडताळणीसाठी दुसरी केली नाही.’

माझं डोकं फिरलं. “हे खोडा. कारखान्याचा वकील ह्यालाच धरून आमची वासलात लावेल.”

“पण खरं आहे ते.”

“खऱ्याची ही हौस तेव्हा कुठं गेली होती?”

त्यांनी खाली सही केली. वाक्य खोडलं नाही.

सुनावणीत वकिलानं तेवढंच वाक्य तीनदा वाचलं. सर म्हणाले, “हो, एकदाच.” अर्ज फेटाळला गेला. बाहेर पायरीवर मी त्यांना नको नको ते बोललो.

चौथ्या दिवशी सर वस्तीत हजर. पिशवीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या चार बाटल्या आणि दोरी. “दुसरी चाचणी करू. विद्यापीठाचं यंत्र मिळालंय.”

मी त्यांना घरामागं नेलं. विहिरीच्या जागी कारखान्यानं घातलेला सिमेंटचा ओटा आहे.

“कधी बुजवली?”

“तुम्ही नोकरी सोडलीत त्याच वर्षी.”

सर ओट्याशी उकिडवे बसले, सिमेंटवर तळहात टेकून. भाची आली, पिशवीतल्या दोन बाटल्या काढून एकमेकींवर वाजवू लागली. सरांनी त्या काढून घेतल्या नाहीत.