हळदीतला डीजे

कॉलेजात असताना शेगावात आणि आसपासच्या गावांत मी हळदीला डीजे वाजवायचो. दोन सीडी प्लेअर, एक मिक्सर आणि कान, एवढंच भांडवल. तहसीलमध्ये नोकरी लागली आणि ते सुटलं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर गप्प झालं, तेव्हा मी लॅपटॉपला जोडायचा एक कंट्रोलर मागवला. वर दोन फिरत्या तबकड्या, खाली रबरी बटणं. "या वयात?" बायको म्हणाली, पण खोकं उघडताना दुसऱ्या बाजूनं तिनंच धरलं.

पहिल्याच आठवड्यात शिसारी आली. दोन गाण्यांचा ठेका जुळवताना आम्ही श्वास रोखायचो; इथं एक बटण दाबलं की झालं. ते मी दाबलं नाही. नेटवरून उतरवलेल्या गाण्यांत तर मधेच कुणीतरी डीजे घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव ओरडायचं. उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटायचं. ती सगळी उडवली आणि जुन्या सीड्यांवरून एकेक गाणं चढवलं. हळूहळू हात बसला.

मग वरवट बकालच्या मित्रानं त्याच्या मुलीच्या हळदीला तूच वाजव म्हणून गळ घातली. हौसेनं गेलो. दुपारी मांडवात बाया नाचायच्या थांबायलाच तयार नव्हत्या. एक गाणं संपून दुसरं कधी लागलं ते कळलंच नाही, असं नवरीची आत्या येऊन सांगून गेली. मी खूश.

तेवढ्यात नवऱ्याकडचे लोक उष्टी हळद घेऊन आले. नवऱ्याचा मामा सरळ माझ्या टेबलावर वाकला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला. "बेस वाढव बे, छाती हालली पाह्यजे." बोलताना लाल थेंब तबकड्यांवर उडाले, एक लाळेची तार बटणांच्या फटीत उतरली. त्यानं ती तळहातानं फासली आणि त्याच हातानं बेस शेवटपर्यंत फिरवला. मांडवातली तान्ही पोरं किंचाळायला लागली. मी आवाज बंद केला.

"काऊन बंद केलं?"

"तोंड धुऊन या, मंग लावतो."

मित्र रुमाल काढत धावत आला. मला वाटलं, मशीन पुसेल. त्यानं मामाचा हात पुसला.

"पाहुणे आहेत गा," तो मला हळूच म्हणाला. "हात जोड त्यायले."

थुंकीपेक्षा मला त्या रुमालाची जास्त किळस आली. हात न जोडता मी माझ्या मशीनच्या वायरी काढल्या. मामानं मांडववाल्याच्या स्पीकरला स्वतःचा मोबाईल जोडला आणि ती नाव ओरडणारी गाणी सुरू झाली. सामान गाडीत ठेवत होतो तर नवरी मागून आली, हळदीनं माखलेली.

"काका, मलेही तेच म्हणावं वाटलं होतं," एवढंच बोलून ती परत मांडवात गेली.

घरी स्पिरिट लावून बटणं काढली, तर खाली चघळलेल्या सुपारीचा तुकडा निघाला. मला मोरीकडे पळावं लागलं. आता मी फक्त घरी वाजवतो, सुटीच्या दिवशी, बायको भाजी निवडत ऐकते.

त्या लग्नाला बायको एकटीच जाऊन आली होती. मामा दिसला का, मी विचारलं.

"दिसला ना," ती म्हणाली. "पंगतीत हातानं जिलेबी वाढत होता. मी तशीच उठून आली."