घामाचे हात

गुण सुरू होण्याआधी ते भिंतीपाशी जात आणि उजवा तळवा चुन्यावर सपाट टेकवून उभे राहत. पाच-सहा श्वास. मग हात उचलत. भिंतीवर ओला पंजा उमटलेला असे. समोरचा खेळाडू वैतागून विचारी, "झालं का हो?" ते वळून म्हणत, "थांब रे बाबा. हात माझे, घाम देवाचा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हात मिळवायची वेळ आली की घाईघाईने नमस्कार करतात, परीक्षेत मनगटाखाली टीपकागद ठेवतात. यांच्या तळव्यांना थंडीतही पाझर फुटे. आणि अशा माणसाने खेळ कुठला निवडावा? टेबल टेनिस. जिथे सगळा जीव तीन बोटांच्या पकडीत असतो!

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. परळच्या आमच्या मंडळात सगळे त्यांना भुसेकर म्हणत. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत ते कारकून होते आणि कमरेला भुशाची पिशवी बांधून येत. साधासुधा भुसा नव्हे. "सागाचा तेलकट, तो नको. आंब्याचा घ्यावा, चाळून, दोन उन्हं दाखवून," हे ते वैद्य काढा सांगतो तसं सांगत. त्याआधी त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसले, शंखजिरं लावलं, कॅरमची पावडर लावली. पावडरीचा घामात चिखल होई. शेवटी बॅटच्या मुठीला जखमेवर बांधायची जाळीची पट्टी गुंडाळली, ती दर आठवड्याला बदलायची, आणि वर भुसा.

पकडही त्यांनी स्वतःची घडवली होती. "आवळायची नाही. आवळली की घाम जास्त. चिमणी धरल्यासारखी धर. मरायला नको, उडायलाही नको," असं मला शिकवत. चेंडू डाव्या हातात धरायचा तो तळव्यावर न ठेवता बोटांच्या टोकांवर, कारण ओला चेंडू टप्प्यावर बसतो, उसळत नाही. आणि त्यांचा बॅकहँड! डाव्या कोपऱ्यात चेंडू आला की मनगट एवढंसं हले आणि चेंडू समोरच्याच्या कमरेजवळून निघून जाई. गिरगावात होणाऱ्या मंडळांच्या स्पर्धेत आमचं मंडळ त्या वर्षी पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलं ते त्या बॅकहँडवर. अंतिम सामना खेळायचा, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. वय चाळिशीकडे झुकलेलं. लग्न नाही. विचारलं की म्हणत, "मुलगी बघायला गेलो होतो. चहाची बशी हातातून सटकली ती थेट तिच्या बापाच्या धोतरावर. नंतर कोणी बोलावलंच नाही."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. आमच्या खोलीत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभांची, आणि मग संयुक्त महाराष्ट्राची. वाचता वाचता मीच लिहायला लागलो. चक्रमुद्रित कागद, जांभळी शाई, तीन उद्गारचिन्हांशिवाय वाक्य संपत नसे. एका पत्रकात मी लिहिलं होतं, "थरथरत्या हातांना इतिहास विचारत नाही!!!" भुसेकरांनी ते बॅटीवर ठेवून वाचलं आणि मला विचारलं, "आणि घामाच्या हातांना रे?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मला मनातून ते भित्रेच वाटत. तळव्याला घाम म्हणजे भीती, असं माझं साधं गणित होतं. एकदा ते आपणहून म्हणाले होते, "चार पत्रकं मीही वाटतो की. रे रोडला आपलं कोणी नाही." मी म्हणालो, "नको. तुमच्या हातात शाई फुटेल." त्यांनी तळव्यांकडे पाहिलं आणि ते धोतराला पुसले. "तेही खरंच," म्हणाले.

अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात शहर तापलेलं होतं. छापखान्यांवर धाडी पडत होत्या. एका मोठ्या सभेची पत्रकं माझ्याकडे आली आणि दोन दिवस ती ठेवायला जागा नव्हती. आमच्या मंडळाचं टेबल म्हणजे दोन फळ्या, लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या. घोड्याच्या आडव्या पट्टीवर गठ्ठा ठेवून, काळ्या फडक्यात गुंडाळून, मी तो वरच्या फळीशी घट्ट दाबून बांधला. वाकून नीट पाहिल्याशिवाय दिसायचा नाही. माझी मलाच शाबासकी वाटली.

त्या संध्याकाळी भुसेकर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले. चार चेंडू मारले. थांबले. डाव्या कोपऱ्यात चेंडू हातानेच टाकला. टक् व्हायचा तिथे ठप् झाला आणि चेंडू वीतभरही उठला नाही. ते वाकले, खाली पाहिलं, सरळ झाले.

"अरे, ह्या कोपऱ्यात टेबल मेलंय," ते हळूच म्हणाले. "गठ्ठा खाली लटकव. फळीला लागू देऊ नको. खेळणारा माणूस लगेच ओळखेल."

"पोलीस काय टेबल टेनिस खेळायला येणार आहेत?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास पोलीस आले. एक तरुण फौजदार आणि तीन शिपाई. गठ्ठा तसाच होता. मी हात लावला नव्हता.

त्यांनी कपाट उपसलं, सतरंज्या उलटल्या, कॅरम बोर्डाच्या मागे पाहिलं. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम असलेले आमचे सेक्रेटरी अण्णा दारात हाताची घडी घालून उभे. पत्रकांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. खोलीत दहा-बारा जण होते. शिपायांना काही सापडलं नाही. आता जातील, असं वाटलं. तेवढ्यात फौजदाराने टेबलावरची बॅट उचलली, उलटसुलट केली, आणि तिची मूठ एकदम सोडून दिली.

"ओली? कोणाची ही?"

"माझी, साहेब."

"हात दाखवा." त्याने भुसेकरांचे तळवे पाहिले. थेंब जमले होते. "एवढा घाम? कशाला घाबरलात? काय लपवलंय?"

"काही नाही साहेब. हात माझे, घाम देवाचा. खेळतानाही असाच येतो."

"खेळता?" फौजदार हसला. "मीही खेळतो. आमच्या क्लबात. बघू या, खेळताना येतो का ते." त्याने टोपी काढून शिपायाकडे दिली.

भुसेकर फिरून मेलेल्या कोपऱ्याच्या बाजूला उभे राहिले. तो कोपरा आता त्यांच्या डाव्या हाताला होता. खोलीत ते दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला.

पहिले काही गुण त्यांनी आरामात घेतले. मग फौजदाराने एक सरळ फटका त्यांच्या डावीकडे मारला. ठप्. चेंडू फळीला चिकटल्यासारखा तिथेच बसला.

"हे काय?" फौजदार पुढे झाला. "फळी फुगलीय का?" तो टेबलाच्या कडेला हात टेकून वाकू लागला.

"चेंडू ओला आहे साहेब," भुसेकर म्हणाले. चेंडू उचलून त्यांनी तळव्यात दाबला आणि त्याच्यापुढे धरला. खरंच निथळत होता. "माझ्या हाताने होतं असं. सगळ्यांना विचारा."

"होतं, होतं," कोणीतरी म्हणालं. फौजदाराने चेंडू रुमालाने पुसला आणि मागे गेला. पण आता त्याला डावी बाजू सापडली होती. तो तिकडेच मारायला लागला. चेंडू पुसलेला होता. आणखी एक ठप् झालं असतं तर तो वाकल्याशिवाय राहिला नसता.

मग भुसेकरांनी जे केलं ते पाहून अण्णांच्या तोंडून शिवी निघाली. डावीकडे चेंडू आला की ते पुढे झेप घेत आणि टप्पा पडायच्या आधीच त्याला बॅट लावत. टेबल टेनिसमध्ये हे चालत नाही. गुण सरळ समोरच्याला जातो. पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

"अहो, टप्पा तरी पडू द्या!" फौजदार खूश होऊन ओरडला.

"घाई झाली साहेब."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्यांचा बॅकहँड ज्या कोपऱ्यावर जगला होता त्याच कोपऱ्यात ते एखाद्या नवशिक्यासारखे हवेत बॅट मारत होते. बघणारे आधी हसले, मग मान फिरवू लागले. भुसा संपला. घाम मनगटावरून कोपरापर्यंत उतरला. मी मोजत होतो. पंधरा, सोळा, सतरा. प्रत्येक गुणाला मला वाटे, आता एखादा चेंडू निसटणार. एकही निसटला नाही. ते एकवीस-अकराने हरले.

फौजदाराने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हात पँटला पुसला. "असले हात घेऊन कसली चळवळ करणार हे लोक!" शिपाई हसले. जिन्यावरून त्यांचे बूट खाली उतरले.

बुटांचा आवाज बंद झाल्यावर अण्णा पुढे आले. "शोभलं का भुसेकर? आपल्या टेबलावर पोलिसाला जिंकवलंत? टप्पा पडू देत नव्हतात! आम्हाला काय कळत नाही?"

"घाबरलो हो अण्णा," भुसेकर म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी कमिटी बसली. तोवर गठ्ठा निघून गेला होता, सभाही झाली होती. ठराव आला, पोलिसांची मर्जी राखणारा माणूस मंडळातर्फे खेळणार नाही. भुसेकर कोपऱ्यात बसून होते. अण्णांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" मी तोंड उघडलं नाही. अशा गुप्त गोष्टी दहा जणांत बोलायच्या नसतात, टेबलाची जागा पुढेही लागेल, असं मी स्वतःला बजावलं. ते खरं होतं. पण राखीव खेळाडू मी होतो, हेही खरं होतं. कुठल्या खरेपणाने माझं तोंड बंद ठेवलं ते आजही मी शपथेवर सांगू शकत नाही.

"मग खेळणार कोण?" कोणीतरी विचारलं.

"ह्याला खेळवा," भुसेकर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मनगट बरं आहे." मग उठले, चपला घातल्या आणि गेले.

गिरगावात मी हरलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तळव्यांना घाम आला. तिसऱ्या डावात बॅट हातातून सुटून पंचांच्या पायाशी जाऊन पडली. "भुसेकर लागला रे ह्याला!" मागून कोणी ओरडलं आणि हॉलभर हशा झाला. मी वळून सगळे चेहरे पाहिले. त्यांत ते नव्हते.

त्यानंतर ते आमच्या बाजूला फिरकले नाहीत. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. मोर्चे होते, सत्याग्रह होता, तुरुंगातही जाऊन आलो. तिथे भाषणं केली. त्या भाषणांत सत्य हा शब्द फार वेळा आला असेल.

महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी मंडळात पेढे वाटले. लालबाग-परळ रोषणाईने भरून गेलं होतं. अण्णांनी मला बोलायला उभं केलं. मी उभा राहिलो आणि भाषण केलं नाही. टेबलाखालचा गठ्ठा सांगितला, मेलेला कोपरा सांगितला, मी न ऐकलेली सूचना सांगितली. अण्णांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"हे आत्ता सांगतोस?" ते म्हणाले. आणि मग, "चल. आत्ताच जायचं."

वखारीच्या मागे दोन खोल्या होत्या. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. अण्णांनी मंडळाचं नाव सांगितलं, भुसेकर आहेत का विचारलं. हे नाव तिला माहीत नव्हतं. मी खरं नाव सांगितलं. तिने दाराची कडी घट्ट धरली.

"दादाला जाऊन सहा महिने झाले. विषमज्वर झाला होता. तुम्हाला कोणी कळवलं नाही का?"

आम्हाला कोण कळवणार होतं? अण्णा भिंतीला टेकले.

"काही काम होतं का?" तिने विचारलं.

अण्णाच म्हणाले, "खेळायला बोलवायला आलो होतो, ताई."

"खेळणं त्याने सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायचा." तिने कडी सोडली. "पण वखारीतून आला की रोज सहाला धुतलेला शर्ट घालून दारात बसायचा. कोणी येणार आहे का विचारलं तर नाही म्हणायचा. आठ वाजले की शर्ट काढायचा आणि घडी करून ठेवायचा."