कर्नाळ्याच्या रानातली शीळ

दुर्बिणीच्या चामडी पेटीला बुरशीचा वास आला, की मला कर्नाळ्याचं रान आठवतं. गोवा मुक्त होण्याआधीची गोष्ट. मित्राची जुनी जीप घेऊन मी पनवेलहून एकटाच पक्षी बघायला जायचो. त्या दुपारी रानात पानही हलत नव्हतं. अचानक जवळच माणसाची शीळ ऐकू आली. मी हाक मारली. शीळ पुढे सरकत राहिली, तसा मीही तिच्या मागे गेलो. एका झाडाखाली लाकडाची मोळी टेकवून एक बाई उभी होती. "कोण शीळ घालतंय?" मी विचारलं. तिनं वर बोट दाखवलं. फांदीवर लांब शेपटीचा काळा भृंगराज बसला होता, ऐकलेल्या आवाजांची हुबेहूब नक्कल करणारा पक्षी. "पाखरू हाय. शीळ माज्या घरवाल्याची. ढोरांना अशीच बोलवायचा." "ते कुठे असतात?" "दोन वर्सं झाली, हितंच साप डसला त्याला." पक्ष्यानं पुन्हा शीळ घातली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती मात्र वर बघून हळूच म्हणाली, "आले रं, आले." मोळी डोक्यावर घेऊन ती डोंगर उतरू लागली, आणि शीळ झाडाझाडांवरून तिच्या मागे गेली. आता गोव्याला जाताना माझा मुलगा कर्नाळ्याला चहासाठी गाडी थांबवतो. मी काच वर करून आतच बसतो.