पाटाखालची तबकडी

सोलापूरच्या उन्हानं जेवढ्या गाण्याच्या तबकड्या बिघडवल्या नसतील, तेवढ्या आमच्या आतोबांनी दुरुस्त केल्या आणि दुरुस्त करता करता कायमच्या निकालात काढल्या. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. आत्याचे यजमान म्हणून कौतुकानंही सांगत नाही. जखमी तबकडीवर एवढी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फक्त ती माया तबकड्यांना सोसत नसे. नव्या पेठेत त्यांचं खणा-लुगड्यांचं दुकान होतं. ते आत्याच्या जिवावर चाले, आणि आतोबा माडीवर फुटक्या, तडकलेल्या, वाकलेल्या तबकड्यांच्या शुश्रूषेत असत. शाळामास्तराची नोकरी लागून मी त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माडीवर पाय न वाजवता जा. तितं ह्यांची आजारी मंडळी निजल्यात."

त्या वेळच्या तबकड्या लाखेच्या. वैशाखात खिडकीपाशी ठेवली की दुपारपर्यंत तबकडी पापडासारखी कड उचलून बसायची. म्हणून घरातली सगळ्यात गार जागा, म्हणजे माठाशेजारचा कोनाडा, आतोबांनी तबकड्यांना दिला होता आणि तिथं दाटी झाल्यावर माठ उचलून अंगणात ठेवला होता. उन्हाळाभर आम्ही कोमट पाणी प्यायचो आणि तबकड्या गारव्याला असायच्या. दर शनिवारी त्यांना रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालून, जुन्या धोतरानं टिपून, वर खोबरेल तेलाचा हात फिरवला जाई. त्या तेलावर पेठेतली धूळ बसे आणि मग कुठलाही गवई पोत्यात तोंड घालून गातोय असं वाटे. आतोबा म्हणत, आवाज मऊ झाला. एकदा फुटलेल्या दोन तबकड्यांचे तुकडे एकमेकांत मिसळले आणि यांनी लाख तापवून अर्धा अभंग अर्ध्या लावणीला जोडून टाकला. सुई फिरू लागली तशी अर्ध्या फेऱ्याला पांडुरंग येई आणि अर्ध्या फेऱ्याला शेजेचा गुलाब. आत्याला हात जोडावेत की पदर तोंडाला लावावा हे कळेना. आतोबा मात्र समाधानानं मान डोलवत म्हणाले, "दोगंबी सुरात हायती की. मग भांडण कुटं हाय?"

फोनोच्या लोखंडी सुईचा त्यांना भारी राग. तबकडीवर लोखंड घासणं म्हणजे तान्ह्या पोराची खरवडून आंघोळ, असं त्यांचं मत. ते बाभळीचा काटा लावत. इतरांच्या लेकी माहेरी येताना शेंगा आणतात, हुरडा आणतात; करमाळ्याला दिलेली यांची लेक डबाभर काटे घेऊन यायची. पण त्या सोयरिकीतून त्यांना खरा लाभ झाला तो व्याह्यांचा. व्याही म्हणजे अगडबंब देह. दारातून आत येताना आधी अंधार व्हायचा आणि मग व्याही यायचे. आता, वाकलेली तबकडी सरळ करायची आतोबांची रीत अशी होती: तबकडी उन्हात मऊ करायची, दोन शहाबादी फरश्यांच्या मधे घालायची, वर पाट मांडायचा आणि पाटावर वजनदार पाहुणा बसवायचा. तबकडी गार होईपर्यंत पाहुण्यानं उठता कामा नये. त्यामुळे तबकडी वाकली की करमाळ्याला निरोप जाई, आणि व्याही आले की जेवण संपू दिलं जात नसे. एक शेंगापोळी झाली की दुसरी, तुपाची धार, मग ताक, मग पुन्हा पोळी. फरश्या लवकर निवाव्यात म्हणून भोवती ओली गोणपाटं टाकत आणि आतोबा स्वतः पंखा घेऊन वारा घालत बसत, तो वारा व्याह्यांना कमी आणि पाटाखाली जास्त लागे. लेकीच्या सासऱ्याचा एवढा मान सोलापुरातच ठेवतात, असं व्याही करमाळाभर सांगत फिरत. खरं सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

अशातच एका चैत्रात तुंगाबाई आल्या. अक्कलकोटकडची म्हातारी, बाजारात गजरे विकणारी, बोलण्याला कानडी वळण. पदराखाली धरलेली तबकडी त्यांनी आतोबांपुढं ठेवली. ती परातीसारखी वाकली होती आणि कडेला एक बारीक चीर होती. तरुणपणी बाई गायच्या. कुणी मुंबईला नेऊन त्यांचं एक गाणं भरून घेतलं होतं, ते एवढंच, आणि त्याची ही एवढीच तबकडी उरली होती. आता दात गेले होते, आवाज गेला होता, आणि आपण एकेकाळी तबकडीवर गायलो हे गल्लीत कुणाला खरं वाटत नव्हतं. सुनाही तोंडावर हसत. त्या वेळी गाणं संपलं की गाणारी बाई शेवटी आपलं नाव सांगायची. ऐकणाऱ्याला कळावं कुणी गायलंय ते.

"गाणं नसलं तरी चालतंय बगा मला," तुंगाबाई म्हणाल्या. "शेवटाला माजं नाव हाय, तेवडं वाजू द्या. बायकांना घिऊन येते मी."

आतोबांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. रात्री ते जेवले नाहीत. आत्या कधी तबकड्यांवरून त्यांना अडवत नसे, पण पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "ही नका हातात घिऊ. ही मोडली तर त्या बाईजवळ काय ऱ्हातंय?" ते तिलाही ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण अख्ख्या सोलापुरात दुसरं कोण हात लावणार होतं? करमाळ्याला निरोप गेला.

व्याही आले. माडीवर पाट मांडला होता, त्यावर बसले. आत्यानं पहिली पोळी वाढली. जिन्यावर तुंगाबाई, त्यांची एक सून आणि गल्लीतल्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या, त्या इतक्या लवकर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. व्याह्यांनी दुसऱ्या पोळीला हात घातला आणि पाटाखालून टक् असा आवाज आला. आतोबांच्या हातातला पंखा खाली पडला. व्याह्यांना वाटलं पाट मोडला. ते उठले, पाट सरकवला, फरशी उचलली आणि तबकडीकडे बघतच राहिले. आजवर आपल्याला कशासाठी बसवत होते हे त्यांच्या ध्यानात आलं. रागानं लाल होऊन, निघायला म्हणून त्यांनी खुंटीवरच्या पागोट्याला हात घातला. तेवढ्यात जिन्यावरची म्हातारी त्यांना दिसली. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी पागोटं पुन्हा खुंटीला लावलं आणि खाली बसले.

तबकडी सरळ झाली होती, पण चीर कडेपासून पार मधोमध गेली होती. आतोबांनी तीत लाख भरली. काटा टेकवला. एका कोवळ्या पोरीनं आलाप सुरू केला, गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि काटा चिरेवरून उडाला. अख्खं गाणं ओलांडून तो थेट शेवटाला जाऊन पडला आणि तिथंच अडकला.

"तुंगाबाई," तबकडी म्हणाली. "तुंगाबाई. तुंगाबाई. तुंगाबाई."

गाण्याचं वाटोळं झालं होतं. आतोबांनी काटा उचलायला हात पुढे केला, तर म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बोलू दे तिला."

तिची सून जिन्याच्या पायरीवर खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. फोनोची चावी उतरत आली तसं नाव जड आणि खोल होत गेलं, अगदी समोर बसलेल्या म्हातारीच्या आवाजाइतकं. आतोबांनी घाईघाईनं चावी दिली आणि आवाज पुन्हा कोवळा झाला. त्यांचा हात दुखायला लागला तेव्हा करमाळ्याचे व्याही उठले, त्यांना बाजूला सारून स्वतः चावी देऊ लागले. आज यातलं कुणीच राहिलं नाही. पण त्या दुपारी त्या दोघांनी आळीपाळीनं चावी देत संध्याकाळपर्यंत त्या पोरीला म्हातारी होऊ दिलं नाही, आणि आत्याची पोळी पानातच गार झाली.