बारका व

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीच्या मागे जा, काळ्या वाळूचा ढीग दिसेल. ओतकामात जळून गेलेली वाळू. रोज थोडी पडते, न्यायला कुणी येत नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग कंपाउंडच्या वर गेलेला असतो. आमच्या सोमवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. एक काढायला जावं तर वरचे चार घसरून अंगावर येतात.

आणि घसरणं हाच तर आमचा विषय! म्हणजे ड्रिफ्टिंग. वळणावर गाडीची मागची चाकं मुद्दाम सुटू द्यायची आणि आडवी झालेली गाडी स्टिअरिंगवर सांभाळत पुढं न्यायची. ग्रुपमध्ये सात-आठ जण येऊन-जाऊन असतात, पण किस्से तिघांचेच आहेत. आप्पा, सम्या आणि मी.

सम्या माझा उचगावचा शेजारी. त्यांच्या घरची शाळेची पिवळी व्हॅन आहे, तीच तो चालवतो. तिच्या इंजिनचा जोर मागच्या चाकांवर असतो, त्यामुळं ती घसरायला एकदम उत्तम. फक्त तिच्या पाठीवर लिहिलंय, ‘सावकाश, शाळेची मुले’.

०

सुरुवात गगनबावड्याच्या पुढच्या घाटात झाली. रविवारची सकाळ, मी रजा टाकलेली, व्हॅन रिकामी. सम्या वळणावर व्हॅन आडवी काढत होता आणि मी मोबाइलवर शूट करत होते. तेवढ्यात मागून एका फौंड्रीचा टेम्पो येऊन थांबला. पांढऱ्या मिशांचा, साठी ओलांडलेला एक माणूस खाली उतरला. आम्हाला वाटलं, आता शिव्या.

त्यानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रस्त्यावरच्या टायरच्या काळ्या खुणेपासून दरीच्या कडेपर्यंत तो पावलाला पाऊल लावून चालत गेला.

“दीड,” तो म्हणाला.

“काय दीड?” सम्यानं विचारलं.

“पाऊल. एवढीच जागा उरलीती तुला. पावणं, गाव कुठलं?”

“उचगाव.”

“मग जवळच हाय की. सोमवारी शिरोलीला या, आमचं यार्ड मोकळं असतंय. घसरायचंच हाय तर वाळूत घसरा. आन् जागा ठेवत जा.”

टेम्पो सुरू केल्यावर त्यानं व्हॅनची पाटी वाचली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, “शाळेची मुलं म्हंजे तुमी दोघंच व्हय?”

०

ते आप्पा. मल्लाप्पा. गडहिंग्लजच्या पलीकडचे, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारे. तीस वर्षं त्यांनी ट्रकमधून कास्टिंगं, म्हणजे फौंड्रीत ओतलेले लोखंडी भाग, घाटाखाली पोचवली. आता फौंड्रीचं यार्ड सांभाळतात आणि गरज पडली तर टेम्पो काढतात. एमआयडीसीला सोमवारी सुट्टी, मीही तिथंच चार गल्ल्या पलीकडं नोकरीला. सम्या पोरांना शाळेत सोडून आठपर्यंत हजर. आप्पांनी काँक्रीटवर जळकी वाळू पसरून ठेवली होती, आणि पहिले दोन सोमवार आम्हाला त्या वाळूतून नुसतं चालायला लावलं!

मला कुठला धीर निघायला. मी मेकॅनिकलची. चार वर्षं घर्षणावरची गणितं सोडवलेली.

“आप्पा, गाडी कधी चालवायची?”

“गाडीला घसरायचं कळतंय,” आप्पा म्हणाले. “तुला कळंपतोर चाल.”

तिसऱ्या सोमवारी गाडी मिळाली. खुणेला ठेवायला काही नव्हतं, म्हणून आप्पांनी रिजेक्ट झालेली कास्टिंगं मांडली. सम्यानं पहिल्याच फेरीत एकाला धडक दिली. कास्टिंग जागचं हललं नाही, व्हॅनचा बंपर मात्र गळून पडला. आप्पांनी तो उचलला आणि रिजेक्टच्या ढिगावर नेऊन ठेवला.

“कास्टिंग परत वितळवून घेता येतंय. बंपरचं तुमचं तुमी बघा,” ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी कास्टिंगांच्या जागी रंगाचे रिकामे डबे होते. त्यांनी ते कुठून गोळा केले ते अजून सांगितलेलं नाही.

०

आप्पांचे शब्द दोनच. गाडी हवी तेवढी फिरली की ‘साकु’. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. आणि डब्याजवळून गेली की ‘जागा ठेव’. शब्द दोन, पण नियम बरेच. त्यातला एक म्हणजे प्रत्येक वळणाआधी हॉर्न मारायचा, थांबायचं, पलीकडून उत्तर येतंय का ऐकायचं आणि मग वळायचं. जुने ट्रकवाले घाटात असंच करायचे म्हणे.

आता यार्ड सपाट, वळणं डब्यांची. तरी आम्ही सकाळभर हॉर्न मारत होतो. शेवटी शेजारच्या कंपनीचा वॉचमन गेटवर आला.

“लगीन हाय का हितं?”

“न्हाय. घाट हाय,” आप्पा म्हणाले.

वॉचमननं त्या सपाट यार्डाकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं, आणि परत गेला.

०

हे सगळं मालकांच्या कानावर जाणारच होतं. मालक भला माणूस, पण काळजी करणारा. ते म्हणाले, “वाळू वापरा, डिझेल तुमचं घाला. पण हितं शिकून पोरं घाटात मस्ती करणार आसली तर माझ्याच्यानं झोप लागायची न्हाय. तुमच्यातल्या एकानं जरी घाटात ह्यो उद्योग केला तर यार्ड कायमचं बंद. बोर्ड लावा.”

बोर्ड रंगवला सम्यानं. शिडीवर चढून, गेटच्या कमानीवर. ‘घाटात गाडी घसरली तर यार्ड कायमचे बंद.’

मी खाली उभी राहून वाचलं आणि माझं डोकं फिरलं. “मालक, हे चुकलंय. घसरली म्हणजे आपोआप. पावसात कुणाचीही घसरते, त्याला शिक्षा का? ‘घसरवली’ पाहिजे. मुद्दाम.”

“मॅडम, कळतंय की सगळ्यास्नी.”

“नियम आहे, मालक. कळतंय म्हणून कसं चालेल?”

एक चहा संपून दुसरा आला. मालकांनी शेवटी हात जोडले. सम्या तोपर्यंत शिडीवरून उतरून हात धूत होता.

“एका अक्षरासाठी परत चढू? शाळंत बी तू अशीच व्हतीस.”

पण चढला. ‘र’ आणि ‘ल’ यांच्या मध्ये त्यानं मुंगीएवढा ‘व’ कोंबला. खालून बघितलं तर दिसतही नव्हता. आप्पा त्या दिवशी टेम्पो घेऊन बाहेरगावी गेले होते.

०

माझ्या आईला संशय यायला दोन महिने लागले. सोमवारी सुट्टी असून मी वाळूनं काळी होऊन घरी का येते, हे बघायला ती डबा घेऊन यार्डात आली. आप्पांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, “ताई, बसा की गाडीत. पोरगी काय करतीया ते बघा तरी.”

मी तिला शेजारी बसवून एक गिरकी मारली. जरा जास्तच फिरली. आई खाली उतरली, पदर सारखा केला, व्हॅनभोवती एक चक्कर मारली.

“भाकरी करताना पीठ मळायला घेतलं की परात अशीच फिरती,” ती म्हणाली. “मग एक पाय परातीवर दाबून धरायचा. तुमच्या गाडीवर पाय कुणाचा हाय?”

आप्पा सरळ वाळूच्या ढिगाकडं गेले. मग त्यांनी वाळूची दोन पोती भरून व्हॅनच्या मागच्या भागात टाकायला लावली. मागं वजन आल्यावर व्हॅन इतकी शहाण्यासारखी फिरायला लागली की मला माझ्या डिग्रीची लाज वाटली.

“ताई, दर सोमवारी येत जावा,” आप्पा म्हणाले.

“आन् घरची भांडी घासायला कोण, तुमी?” आईनं विचारलं.

०

मी कुणाचे उपकार पटकन मानणारी नाही. पण हे लिहायलाच हवं. घाटात जाऊ नका असं सांगणारे आम्हाला रोज भेटायचे. पेपरात, कॉलेजात, नाक्यावर. मग कुठं जायचं, हे सांगितलं एकट्या आप्पांनी. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात गाड्यांची आवड असलेली हजारो पोरं असतील, आणि त्यांना पडायला एक वाळूचं यार्ड नसावं, याचा मला अजून राग येतो. आम्हाला ते मिळालं.

०

सम्याला मात्र घाट सुटत नव्हता. सांगलीकडच्या काही पोरांनी त्याला डिवचलं, “यार्डातला हिरो, रविवारी घाटात ये की.” आणि तो गेला! फोन बंद. मी दिवसभर त्या बोर्डाचा विचार करत बसले. बोर्डापेक्षा जास्त त्या दीड पावलाचा.

संध्याकाळी दारात व्हॅन थांबली. सम्या धड होता, व्हॅन धड होती.

“केलंस?” मी विचारलं.

“कुठलं काय. म्हटलं आदी वळण चालत बघावं. गेलो मोजत. कडंला कुठं दोन पावलं, कुठं एक. मग खालच्या वळणाचं बी मोजलं. मग त्याच्या खालच्याचं.”

“आणि ती पोरं?”

“मी मोजून वर येस्तवर कटाळून घरी गेली.”

०

आणि मग तो व्हिडिओ आला.

घाटातल्या भज्यांच्या गाडीजवळ उभं राहून कुणीतरी काढलेला, वीसएक सेकंदांचा. आधी नुसतं वळण दिसतं. दोनदा हॉर्न ऐकू येतो. खालून चढणारी सहलीची बस उत्तर देते आणि कडेला थांबते. मग वरून कास्टिंगांनी भरलेला टेम्पो येतो. रस्त्यावर डिझेल सांडलेलं असणार, कारण टेम्पोची मागची बाजू सरळ दरीकडं निघते. टेम्पो पुरता आडवा होतो. मग पुढची चाकं हळूच मागच्यांना वाट देतात, टेम्पो बसच्या कडेनं सरकत येतो आणि थांबतो. मध्ये दोन पावलं जागा. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून ते अंतर बघतो आणि म्हणतो, “साकु.”

अर्ध्या कोल्हापूरनं तो व्हिडिओ बघितला. आम्ही ग्रुपवर शंभर वेळा. आप्पांनी आम्हाला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

सोमवारी पेढे घेऊन गेलो तर गेटला कुलूप! आप्पा बाहेर रंगाच्या डब्यावर बसलेले.

“आप्पा, उघडा की.”

“बोर्ड वाच,” आप्पा वर न बघताच म्हणाले. “घाटात गाडी घसरली. माझी घसरली. समद्यांनी बघितलीया.”

मालकांनी फोन केला. “आप्पा, खुळं हायसा का? मी म्हणतोय उघडा.”

“बोर्ड तुमचाच हाय, मालक.”

“मग काढून टाका तो बोर्ड!”

“आन् उद्या ह्या पोरांस्नी काय दावू? आपल्यावर आलं की बोर्ड काढायचा असतोय म्हणून?” आप्पांनी फोन ठेवला.

पुढचा सोमवारही तसाच गेला. मी त्यांना ‘व’बद्दल सांगून बघितलं. ते हसले. “पोरी, मला खालनं दिसतंय ते घसरलीच दिसतंय. माझ्यासाठी पळवाट काढू नगंस.”

सम्या व्हॅनकडं वळला. जाताना फक्त एवढंच म्हणाला, “बरं. म्हंजे आता परत घाटच.” तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. रविवारी त्याला सहा फोन केले. उचलला नाही. व्हॅनही दारात नव्हती.

तिसऱ्या सोमवारी मी एकटीच यार्डावर गेले. आप्पा डब्यावर बसलेले. तेवढ्यात पिवळी व्हॅन आली. तिच्या टपावर शिडी बांधलेली होती. सम्यानं ती सोडली, गेटच्या कमानीला लावली आणि म्हणाला, “काल दिसभर शिडीच हुडकत व्हतो. आप्पा, चढा.”

“खुळा हायस का?”

“मोजल्याबिगर बोलायचं न्हाय, ह्ये तुमीच शिकवलंय. चढा.”

मी आणि सम्यानं खालून शिडी धरली. आप्पा चढले, खिशातून चष्मा काढला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागले. घ. स. र. बोट थांबलं.

“ह्यो बारका व कुणाचा?”

“हट्ट हिचा, हात माझा,” सम्या म्हणाला.

“मग एवढा बारका का काढलास रं?”

“जागाच न्हवती, आप्पा.”

आप्पा एकेक पायरी खाली उतरले. चष्मा पुसून खिशात ठेवला, किल्ली काढली आणि कुलपात फिरवता फिरवता म्हणाले,

“तरी रोज सांगतोय. जागा ठेवत जा.”